ड्रायव्हरचा ताप कोण मोजणार?

२०२५च्या मे महिन्यात आमचे मामा अकोल्याहून अमेरिकेत, शार्लटला आले होते. वय एकाहत्तर. त्यातली तीस-बत्तीस वर्षं ट्रक चालवण्यात गेली, अकोला ते कोलकाता आणि परत. मॉल, धबधबे, उंच इमारती यांत त्यांना रस नव्हता, पण "इथं गाड्या पयवतात म्हणे" हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. म्हणून मेमोरियल डेच्या सुट्टीच्या आदल्या रविवारी त्यांना कोका-कोला ६०० ही गाड्यांची शर्यत दाखवायला घेऊन गेलो. दीड मैलाच्या ट्रॅकवर चारशे फेऱ्या, एकूण सहाशे मैल. नॅसकारच्या, म्हणजे इथल्या 'स्टॉक कार' शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, वर्षभरातली सगळ्यात लांब शर्यत. आपल्या हिशेबात ९६५ किलोमीटर. मामांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "म्हंजे नागपूरच्या दोन खेपा. चार घंट्यात?"

तिथे भाड्याने स्कॅनर मिळतात. कानावर हेडफोन चढवायचा, गाडीचा नंबर लावायचा आणि ड्रायव्हरचं त्याच्या संघाशी चाललेलं बोलणं थेट ऐकायचं. मी ऐकून मामांना मराठीत सांगत होतो. निम्मी शर्यत उलटल्यावर एक ड्रायव्हर सारखं एकच सांगायला लागला: गार पाणी फिरवणारा शर्ट बंद पडलाय, नळ्यांतून गरम पाणी फिरतंय, पुढच्या थांब्याला बर्फ द्या. गाडी थांब्यावर आली. पाच माणसं भिंतीवरून उड्या टाकून धावली, दहा-अकरा सेकंदांत चारी चाकं बदलून मोकळी झाली. तेवढ्यात भिंतीमागच्या एकाने लांब काठीच्या टोकाला अडकवलेली पाण्याची बाटली खिडकीपाशी धरली, आतून हातमोजा घातलेला हात आला, बाटली गेली, गाडी गेली. मामांनी हेडफोन गळ्यात ओढला.

"काहून रे, एवढ्या महागाच्या गाडीत एसी न्हाई?"

मी समजावायला लागलो. एसीचं वजन असतं. त्याला इंजिनाची ताकद लागते. हवा आत घ्यायला भोक पाडलं की गाडीचा वेग मरतो. एकाने बसवला आणि दुसऱ्याने नाही, तर बसवणारा मागे पडतो. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा मालकबी हेच सांगे."

मी या गावात चौदा वर्षं राहतो. नॅसकारचे बहुतेक संघ शार्लटच्या आसपासच आहेत, त्यामुळे ऑफिसात सोमवारी हा विषय निघतोच, आणि त्यात 'काल अमक्याला गाडीतून उचलून काढावं लागलं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कानावरून जायचं. कौतुकाच्या सुरात सांगितलं जायचं ते. काय माणूस आहे, शुद्ध हरपेस्तोवर चालवली! मामांच्या त्या एका वाक्यानंतर मात्र मला त्या कौतुकात मालकाचा आवाज ऐकू यायला लागला. आता माझं मत झालंय की शर्यतीच्या गाडीतली ही होरपळ नियमपुस्तकाने लादलेली आहे, आणि ती तिथूनच काढली पाहिजे. ड्रायव्हरच्या छातीच्या मापावर ती सोडून देणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

आधी आत काय असतं ते पाहू. पुढे ५.८ लिटरचं व्ही-८ इंजिन. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा मोठा हिस्सा चाकांपर्यंत पोचतच नाही, उष्णता होऊन बाहेर पडतो. त्यातली बरीचशी धुराच्या नळ्यांतून ड्रायव्हरच्या पायांखालून, बसायच्या जागेच्या बाजूने जाते. पत्रा तापतो, पेडल तापतात. बुटाच्या टाचेला उष्णतारोधक कवच लावूनसुद्धा तळपायाला फोड येतात. आतलं तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या घरात असणं नित्याचं. त्यात अंगावर आगीपासून वाचवणारा अनेक पदरी सूट, खाली तसलेच आतले कपडे, डोक्यावर कापडी टोपडं, त्यावर हेल्मेट, हातमोजे. अशा अवस्थेत तीन-चार तास, आणि दर फेरीला दोनशे-अडीचशे मिलिसेकंदांत निर्णय.

२०२२ साली नॅसकारने नवी गाडी आणली. त्या गाडीचं पोट खालून पूर्ण सपाट पत्र्याने बंद केलेलं, आणि धुराच्या नळ्या दोन्ही बाजूंनी काढलेल्या, म्हणजे एक नळी थेट ड्रायव्हरच्या दाराखालून. चाचण्यांपासूनच ड्रायव्हरांनी ओरड केली की हिच्यात जुनीपेक्षा जास्त भाजतं. मग पुढच्या काचेशी हवा आत यायला वाटा दिल्या, मागच्या काचेत फट ठेवली, नळ्यांवर आवरण घातलं. हे केलं ते बरंच केलं. पण क्रम पाहा. टक्कर झाली तर काय, गाडी उडाली तर काय, वारा कुठून कसा जाईल, याचा हिशेब कागदावर आधी झाला. आत बसणारा शिजेल का, हे बसणाऱ्याने सांगितल्यावर कळलं.

एक गंमत जाता जाता. 'स्टॉक कार' म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी गाडी. ४ सप्टेंबर १९५० रोजी साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनला पहिली सदर्न ५०० झाली तेव्हा ७५ गाड्या खरोखरच तशा होत्या, आणि शर्यत सहा तासांहून जास्त चालली. आज ट्रॅकवर टोयोटा कॅमरी म्हणून धावते तिच्यात दुकानातल्या कॅमरीचं नाव आणि चेहरा तेवढा उरलाय. दुकानातल्या कॅमरीत एसी असतो.

शरीराचं गणित फार साधं आहे आणि म्हणूनच त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही. घाम निघाल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण बंद सुटात घाम वाळायला वाराच नाही. तो नुसता गळतो, बुटात साचतो. म्हणजे पाणी गेलं आणि थंडावाही मिळाला नाही. एका शर्यतीत ड्रायव्हरचं दोन ते चार किलो वजन घटतं. पंचाहत्तर किलोच्या माणसाचे तीन किलो गेले तर ते चार टक्के झाले, आणि दोन टक्क्यांपासूनच माणसाचं लक्ष आणि दम ढासळायला लागतो असं शरीरशास्त्राची पुस्तकं सांगतात. रक्तातलं पाणी कमी झालं की हृदयाला तेवढंच काम करायला जास्त ठोके टाकावे लागतात. त्यात कातडीला रक्त हवं, स्नायूंना हवं, आणि मेंदूलाही हवं. कुणाची तरी कपात होते. पोटाचं तापमान चाळीस अंशांपलीकडे गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात. तिथून मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळंच पणाला लागतं. आपल्याकडे अकोल्यात, चंद्रपुरात हे समजावून सांगावं लागत नाही. दुपारी बारानंतर बाहेर पडू नका हे आजीच सांगते.

पाणी पीत राहावं म्हणाल, तर ते असतंच. नळी हेल्मेटमध्ये सोडलेली असते. पण घाम ताशी लिटर-दीड लिटर जातो आणि पोट तेवढ्या वेगाने पाणी आत घेत नाही; शिवाय ते पाणीही गाडीतच तापत असतं. तासाभराने ते पिणं म्हणजे बिनसाखरेचा, बिनपत्तीचा चहा.

आणि कूल शर्ट? तो आहे, आणि चांगला आहे. बनियनसारख्या शर्टात बारीक नळ्या शिवलेल्या असतात, बर्फाच्या पेटीतून किंवा छोट्या यंत्रातून पंप गार पाणी फिरवतो. हेल्मेटला वरून वाऱ्याची नळी. पण तो बंद पडला की उलटा जाच. तेच पाणी छातीवर, पाठीवर तापतं, आणि पाच-सहा पट्ट्यांनी आवळून बसलेल्या माणसाला शर्ट काढता येत नाही. आम्ही स्कॅनरवर ऐकत होतो ते तेच. चाक सैल झालं तर संघ गाडी आत बोलावतो. शर्ट बंद पडला तर 'अजून किती फेऱ्या काढशील?' असं विचारतो.

दोन प्रसंग मला विसरता येत नाहीत. पहिला सप्टेंबर २०१९चा, शार्लटच्याच रोव्हल ट्रॅकवरचा. ॲलेक्स बोमन हा ड्रायव्हर दुसरा आला, गाडीतून उतरला आणि गाडीला टेकून जमिनीवरच बसला. डॉक्टर लोक त्याच्याजवळ वाकलेले. तेवढ्यात दुसरा ड्रायव्हर बब्बा वॉलेस आला आणि ट्रॅकवरच्या भांडणाचा राग म्हणून हातातलं पेय त्याच्या तोंडावर फेकून निघून गेला. आठवडाभर चर्चा झाली ती त्या फेकण्याची. चूक कुणाची, शिक्षा व्हावी का. दुसरा आलेला माणूस जमिनीवर का बसला होता, हा प्रश्न कुणाला पडला नाही. दुसरा प्रसंग जून २०२०चा, अटलांटाचा. या वेळी वॉलेसच. शर्यत संपल्यावर कॅमेऱ्यासमोर मुलाखत देता देता त्याचे शब्द अडखळले, डोळे फिरले, तो कलंडायच्या बेतात होता. मग त्याला वैद्यकीय केंद्रात नेलं. सुदैवाने थोड्या वेळात बरा होऊन बाहेर आला.

यातली खोच अशी आहे. गाडी ठोकली आणि चालवत परत आणता आली नाही, तर ड्रायव्हरला मैदानातल्या वैद्यकीय केंद्रात जावंच लागतं. अंगावर ओरखडा नसला, तो कितीही चिडलेला असला तरी. पण गाडी धड परत आली, तर माणूस धड आहे असं धरून चालतात. त्याच्यापुढे माईक येतो. चार तास भट्टीत बसून आलेल्याची नाडी कुणी बघत नाही, त्याला टायरांबद्दल विचारतात.

टायरांवरून कतार आठवतं. तो फॉर्म्युला वनचा मामला, वेगळ्या जगातला, पण याहून बोलकं उदाहरण मला सापडलेलं नाही. ८ ऑक्टोबर २०२३, लुसैल, रात्रीची शर्यत. आदल्या दिवसांत तपासणी करताना टायरांच्या बाजूच्या भिंतीत, कडेच्या टोकदार उंचवट्यांवरून जाऊन जाऊन, पापुद्रे सुटू लागल्याचं आढळलं. संचालक संस्थेने तातडीने नियम काढला: कुठलाही टायर १८ फेऱ्यांपेक्षा जास्त वापरायचा नाही. शर्यत ५७ फेऱ्यांची, म्हणजे किमान तीन थांबे सक्तीचे. टायर वाचवत हळू चालवायचं कारणच संपलं, आणि सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत जीव तोडून पळवत राहिले. रात्रीसुद्धा दमट उकाडा. एस्तेबान ओकॉनला पंधराव्या-सोळाव्या फेरीच्या सुमाराला हेल्मेटमध्येच उलट्या झाल्या, तरी त्याने शर्यत पुरी केली. फर्नांडो अलोन्सोची बैठक इतकी तापली की थांब्यावर अंगावर पाणी ओता म्हणून त्याने संघाला विनवलं. लान्स स्ट्रोलला वळणांवर डोळ्यांपुढे अंधारी येत होती. लोगन सार्जंट त्या आठवड्यात आधीच फ्लूसारख्या आजाराने बेजार होता. त्याने मध्येच गाडी सोडली. ॲलेक्स अल्बनला शर्यतीनंतर उपचार घ्यावे लागले. टायरची सोसण्याची हद्द किती, ते मोजलं आणि शर्यतीआधीच तिचा नियम झाला. माणसाची हद्द किती, ते एकोणीस माणसांना उकळून पाहिलं.

त्यातही सार्जंटची कथा बघा. तो थांबतो म्हणाला तेव्हा संघाने त्याला रेडिओवरून समजावलं की यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ते सांगायची गरज पडते, यावरून या धंद्यातली हवा कळते.

नॅसकारवाले म्हणतील की आम्ही सुरक्षेत मागे नाही. ते खरंही आहे, आणि म्हणूनच मला त्यांच्याच इतिहासाचा दाखला द्यायचा आहे. २४ मे १९६४ रोजी, याच शार्लटच्या याच सहाशे मैलांच्या शर्यतीत, फायरबॉल रॉबर्ट्स नावाचा त्या काळचा सर्वांत लाडका ड्रायव्हर आगीत सापडला. त्याला दमा होता. आगरोधक रसायनात बुडवलेल्या कपड्यांचा त्याला त्रास व्हायचा म्हणून तो ते घालत नसे. २ जुलैला तो गेला. मग आगरोधक सूट आणि न फुटणाऱ्या इंधनटाक्या आल्या. पुढची गोष्ट मानेची. टक्कर झाली की धड पट्ट्यांमुळे जागीच राहतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, कवटीचा तळ मोडतो. मे २००० मध्ये ॲडम पेटी, जुलैमध्ये केनी अर्विन, ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर, तिघेही ड्रायव्हर टक्करीत गेले. डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण तेव्हा बाजारात होतं. अनेकांना ते आवडत नव्हतं. अडकल्यासारखं वाटतं, मान वळवता येत नाही, ज्याला हवं त्याने घालावं. १८ फेब्रुवारी २००१ला डेटोनात शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा नॅसकारचा नामांकित ड्रायव्हर गेला. तोही ते घालत नसे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपकरण सक्तीचं झालं. तेव्हापासून आजवर नॅसकारच्या वरच्या तीन मालिकांत शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. जे लोक नाराज होते त्यांनाही दोन-चार शर्यतींत त्याची सवय झाली.

आग दिसते, मोडलेली मान शवविच्छेदनात सापडते. उष्णता मात्र पुरावा ठेवत नाही. तीनशे चाळिसाव्या फेरीला कुणाचा अंदाज अर्ध्या फुटाने चुकला आणि पाच गाड्या भिंतीला लागल्या, तर अहवालात लिहिलं जातं: ड्रायव्हरची चूक. त्या वेळी त्याच्या पोटाचं तापमान साडेएकोणचाळीस होतं का, हे कोण बघणार? म्हणून 'उष्णतेने कुणी मेलं का?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी म्हणतो, तुम्ही मोजलंच नाही तर तुम्हाला कळणार कसं? रिक मास्ट नावाचा ड्रायव्हर आठवा. वर्षानुवर्षं गाडीत धुरातला कार्बन मोनॉक्साइड ओढून त्याची तब्येत अशी ढासळली की २००२ मध्ये त्याला गाडी चालवणं सोडावं लागलं. तोपर्यंत शर्यतीनंतर डोकं दुखणं, मळमळणं हे सगळं 'गरमीनं होतं' या एकाच खात्यात जात होतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. दम हा या खेळाचा भाग आहे, ते म्हणतात. मॅरेथॉनवाला दमतो, पैलवान दमतो, मग हा का दमू नये? तयारी करा. आणि तयारीने फरक पडतो हे मी नाकारत नाही. दहा-चौदा दिवस उकाड्यात व्यायाम केला की शरीर लवकर घाम सोडायला शिकतं, रक्तातलं पाणी वाढतं, ठोके कमी पडतात. आजचे ड्रायव्हर वाफेच्या खोलीत बसतात, सायकल मारतात, दोन दिवस आधीपासून पाणी आणि मीठ मोजून घेतात. पण मॅरेथॉनवाल्याला पाय उचलेनासा झाला की तो थांबतो किंवा पडतो, एकटा. ताशी तीनशे किलोमीटरने चाललेल्या गाडीत, इतर एकोणचाळीस गाड्यांच्या घोळक्यात, हातभर अंतरावर हा पडला तर? शिवाय कुस्तीत दम लागतो तो कुस्तीने. इथे लागतो तो धुराच्या नळीच्या वळणाने. ती नळी एक वीत इकडे-तिकडे केली तर खेळातलं कौशल्य रतीभरही कमी होत नाही.

'कडक' असण्याचं कौतुक कसं बदलतं याचंही उदाहरण घरचंच आहे. डोक्याला मार बसला तरी पुढच्या रविवारी गाडीत बसणं ही पूर्वी शान होती. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियर, म्हणजे त्याच अर्नहार्टचा मुलगा, स्वतः होऊन डॉक्टरकडे गेला आणि डोक्याच्या दुखापतीमुळे विजेतेपदाच्या ऐन लढतीत दोन शर्यती घरी बसला. त्याला कुणी भेकड म्हटलं नाही. म्हणायची हिंमत कुणाची होती? २०१४ पासून प्रत्येक ड्रायव्हरची मेंदूची आधारचाचणी सक्तीची झाली. उष्णतेच्या बाबतीत असा कुणी अर्नहार्ट अजून उभा राहिलेला नाही, आणि राहीपर्यंत वाट पाहावी असं मला वाटत नाही.

करता येतं का, हा प्रश्न तर कधीच निकालात निघालाय. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत बंद गाड्यांसाठी आतल्या तापमानाला मर्यादा घातलेली आहे: बाहेर २५ अंशांपर्यंत असेल तर आत ३२च्या वर नको, आणि बाहेर त्याहून जास्त असेल तर बाहेरपेक्षा आत जास्तीत जास्त सात अंश अधिक. ती पाळायला काही संघांनी चक्क एसी बसवले. त्या गाड्या हळू झाल्या नाहीत, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. फॉर्म्युला वनने कतारनंतर २०२५ पासून उष्णतेचा इशारा आणला: उष्णता-निर्देशांक ३१ अंशांपलीकडे जाण्याचा अंदाज असेल तर गाडीत थंडाव्याची यंत्रणा बसवलीच पाहिजे, आणि त्याच्यासाठी किमान वजन पाच किलोंनी वाढवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला तो पहिल्यांदा जाहीर झाला. शर्ट न घालण्याची मुभा ड्रायव्हरला होती, पण मग अर्धा किलो जादा वजन गाडीत वाहायचं. काहींनी घातला नाही. नळ्या पट्ट्यांखाली रुततात म्हणाले. तक्रार रास्त असेल. मग नळ्या सुधारा. मानेच्या उपकरणाचंही असंच होतं.

मामांच्या मालकाचं गणित इथेच सुटतं. एकट्या संघाने केलं तर तो हरतो, म्हणून कुणीच करत नाही. सगळ्यांना करायला लावलं की कुणीच हरत नाही. भारतात नेमकं हेच झालं. ४३ ते ४७ अंशांत आपले ड्रायव्हर बारा-चौदा तास गाडी चालवतात, आणि केबिनला एसी हवा म्हटलं की खर्च वाढेल म्हणून विरोध होतो, हे नितीन गडकरींनी २०२३ मध्ये बोलून दाखवलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. मामांना हे फोनवर सांगितलं तर ते दोन क्षण गप्प. मग म्हणाले, "आमी बोनेटवर ओलं पोतं टाकत होतो. पाच मिनिटांत वाळे." ट्रक आणि रेसची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकाला पोट भरायचंय आणि दुसऱ्याला करंडक हवाय, हे मलाही कळतं. पण कोमट झालेलं पाणी पीत, इंजिनाच्या धगीशेजारी बसून, समोर नजर लावून तासन् तास बसणं, यात दोघांची जातकुळी एकच. आपला रेसर नरेन कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत, म्हणजे पिकअप ट्रकांच्या शर्यतींत, उतरला तेव्हा 'ट्रक' या शब्दावरून आमच्यात विनोद झाले होते. आता वाटतं, तो विनोद तितकासा चुकीचा नव्हता.

माझं मागणं फार मोठं नाही. प्रत्येक गाडीत नॅसकारने स्वतःचा तापमापक बसवावा, संघाचा नको. आज टीव्हीवर प्रत्येक गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, ब्रेक कधी लावला, सगळं पडद्यावर दिसतं. त्याच ओळीत आतलं तापमान दाखवावं. मर्यादा ओलांडली तर गाडी आत घ्यावी, जशी तेल गळताना दिसलं तर घेतात. थंडाव्याची यंत्रणा सगळ्यांना सारख्या वजनाची आणि सक्तीची करावी. शर्यत संपल्यावर पहिल्या पाचांसकट सगळ्यांनी डॉक्टरसमोरून जावं, मग माईकसमोर. आणि एक जुनी वाट पुन्हा मोकळी करावी. नॅसकारमध्ये जो गाडी सुरू करतो त्याच्याच खात्यात गुण जातात, मधे दुसऱ्याने चालवली तरी. पूर्वी उन्हाळी शर्यतींत बदली ड्रायव्हर बसणं ही रोजची गोष्ट होती. आज तो बदल करताना इतक्या फेऱ्या बुडतात की कुणी करत नाही. उष्णतेचा इशारा असलेल्या दिवशी एक बदल, ठरलेल्या वेळेत, फेरी न गमावता, एवढी सूट दिली तर जो माणूस आज शुद्ध हरपेपर्यंत बसून राहतो तो वेळेवर उतरेल.

हे खर्चाचं काम आहे असं म्हणणाऱ्यांनी शर्यतीनंतरची तपासणी एकदा पाहावी. गाडी एका शेडमध्ये नेतात, कॅमेरे आणि प्रोजेक्टर तिच्या अंगाचा कण अन् कण टिपतात, आणि पत्रा केसाएवढा इकडे-तिकडे असला तर जिंकलेला माणूस हरतो.

त्या रात्री रॉस चॅस्टेन जिंकला, सगळ्यात मागून सुरू करून. पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला आम्हाला तास लागला. मामांनी एसीचं तोंड स्वतःकडे वळवलं, मग पुन्हा बंद केलं, गार झालं म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, "आत किती असंन रे?"

"पन्नास-पंचावन्न तरी."

"कोनं मोजलं?"

"टीव्हीवर सांगतात."

"टीव्हीवाल्यानं?" म्हणाले, आणि मनसोक्त हसले.